डावीकडचं दव

१

पांढरी चादर खाली आली, आणि काचेच्या पेटीत एका खिळ्याशिवाय काही उरलेलं नव्हतं.

क्लबची मालकीण चादरीचं टोक हातात धरून तशीच उभी राहिली. ऑफिसला नुकताच रंग दिला होता. शिंतोडे उडू नयेत म्हणून रंगाऱ्यांनी पेटीवर ही चादर टाकली होती, आणि आज फोटो काढायचा म्हणून तिने ती ओढली. पेटीचं कुलूप जागच्या जागी होतं, काच शाबूत होती, किल्ली तिच्या स्वतःच्या पर्समध्ये होती. कप्तानांचं लाकडी पॅडल तेवढं गायब होतं.

कप्तान म्हणजे जहाजावरचे नव्हेत. जहाज सोडा, ते कधी होडीतही बसले नव्हते. जन्मभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर या बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात पिकलबॉल आणला. तेव्हा गावात या खेळाचं नावही कुणाला माहीत नव्हतं. परदेशातल्या भाच्याने पाठवलेला भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन ते इथे आले, प्लायवूडची फळी कापून पॅडल केलं, मुठीला सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली, आणि जो भेटेल त्याला खेळायला ओढू लागले. कोण कुणाच्या जोडीला खेळणार हे तेच ठरवायचे, म्हणून ते कप्तान.

आता गोष्ट फारच पुढे गेली होती. जिकडे मोकळी जागा तिकडे जाळी, अशी गावाची अवस्था होती. फर्निचरच्या दुकानाने सोफे हलवून दोन कोर्टं काढली होती, शिंप्याकडे लग्नाच्या कपड्यांपेक्षा खेळाच्या स्कर्टची गर्दी जास्त होती, आणि हाडांच्या डॉक्टरांना तर जेवायला सवड नव्हती. एक मोठी कंपनी ठिकठिकाणी क्लब काढणार होती आणि तिला पहिला हात या कारखान्याशी मिळवायचा होता. शुक्रवारी तिची माणसं येणार होती. गावातलं पहिलं पॅडल म्हणून कप्तानांच्या त्या लाकडी फळीचा फोटो प्रत्येक क्लबच्या दारावर लागणार होता.

कप्तान थंडीच्या सुरुवातीला झोपेतच गेले. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, स्वतःच्या हाताने ते पॅडल क्लबला आणून दिलं आणि घरी जाऊन अंथरुणावर ज्या पडल्या, त्या उठेचनात. खाणं नाही, बोलणं नाही. शेवटी दूरच्या शहरातली लेक आली. आईला असं एकटं ठेवणार नाही, रविवारी घराला कुलूप लावून तिला घेऊन जाते, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. गेल्या आठवड्यात मात्र काकू जरा सावरल्याचं कानावर येत होतं. पहाटे उठतात, चहा करतात म्हणे. तसं असेल तर कदाचित लेक बेत बदलेल, अशी क्लबातल्या सगळ्यांना आशा होती. काकूंना ते घर सोडायचं नव्हतं. लेकीचा बेत कळल्यापासून तेवढं एकच वाक्य त्या बोलल्या होत्या.

ऑफिसच्या कोपऱ्यात एक बाई बुटाची नाडी बांधत बसल्या होत्या. त्यांनी ती अर्धवट सोडली, चष्मा पुसला आणि पेटीकडे पाहिलं. या विमामावशी. जळालेलं गोदाम खरंच जळालं की जाळलं, चोरीला गेलेली मोटार खरंच गेली की घालवली, हे ठरवण्यात त्यांची विमा कंपनीतली सगळी नोकरी गेली होती. या खेळात त्या गुडघ्यांसाठी आल्या होत्या. गुडघ्यांना ते अजून पटलेलं नव्हतं.

मालकिणीने त्यांना विनवलं की शुक्रवारच्या आत पॅडल शोधून द्या. मावशींच्या मनात मात्र शुक्रवार नव्हता.

"अगं, कंपनीचं राहू दे," त्या म्हणाल्या. "नवऱ्याची वस्तू आपल्या हातून हरवली हे काकूंना कळलं, तर त्या परत अंथरूण धरतील. मग रविवारी त्यांना कोण थांबवणार?"

२

सगळ्यांची पहिली नजर वॉचमनमामांवर गेली. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याकडे, रात्रीचा पहारा त्यांचा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला याहून सोयीचा माणूस कुठे मिळणार. मालकिणीचंही मन तिकडेच कलत होतं.

मावशींनी तिला थांबवलं. चोरी कळली कधी आणि झाली कधी, या दोन निराळ्या गोष्टी असतात, असं त्यांनी तिला समजावलं. पेटीवर चादर पडून आठवडा झाला होता. त्या आठवड्यात रंगाचा वास जावा म्हणून ऑफिसची दारं दिवसभर सताड उघडी होती, आणि क्लबातला जो तो पाणी प्यायला, पंप शोधायला, नाहीतर नुसता रंग बघायला आत डोकावत होता. चादरीखाली काय आहे आणि काय नाही, हे कोण बघतंय?

मग त्यांनी पेटी भिंतीवरून उतरवायला लावली आणि उलटी केली. मागची फळी चार स्क्रूंवर बसवलेली होती. कुलपाला हात न लावता कुणीही ती काढू शकला असता, आणि काढलीही होती. स्क्रूंच्या खाचांतली जुनी धूळ गेलेली होती. पण कुठे ओरखडा नाही, फळीची कड तुटलेली नाही. ज्याने ते काढले त्याने पुन्हा चारही स्क्रू नीट बसवून दिले होते.

मावशींनी एकेका खाचेवरून बोट फिरवलं. विकायला नेणारा चोर फळी परत कशाला बसवेल? हा माणूस घाईत नव्हता, हाताचा हलका होता, आणि बहुधा वस्तू परत आणून ठेवायचा त्याचा विचार होता. चोरापेक्षा उसनं नेणाऱ्याची ही रीत होती.

त्या मामांकडे गेल्या. मामांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. रंगकाम सुरू झाल्यापासून पहाटे त्यांना कप्तानांचा आवाज येत होता. बोलण्याचा नव्हे, खेळण्याचा. मागच्या अंगणात, भिंतीपाशी. नवीन पॅडलचा आवाज कसा टणटणीत, कानात घुसणारा असतो, आणि ते लाकडी कसं दबक्या आवाजात ठक करायचं, हे मामांना पुरतं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी ते उठून पाहायला निघाले होते. धुक्यात चार पावलं टाकली आणि त्यांना वाटलं, आपण कशाला मध्ये जायचं, खेळू दे त्यांना. तेव्हापासून ते पांघरूण डोक्यावरून घेत होते.

मावशी हसल्या नाहीत. भुताला पॅडल लागत असेल, तर ते पेटीच्या मागचे स्क्रू काढत बसणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

३

त्या पॅडलशी काही ना काही संबंध असलेले उरले तिघं.

पहिला कोच. उंच, तरतरीत, बोलण्यात गोड. लाकडी पॅडलला तो ठोकळा म्हणायचा आणि असला ठोकळा कंपनीच्या दारावर शोभणार नाही, असं त्याने चारचौघांत म्हटलं होतं. मावशींनी विचारलं तेव्हा त्याने ते नाकारलं नाही. पण तो राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि लवकर उठण्याशी त्याचं हाडवैर होतं. त्याची सकाळची शिकवणी रोज उशिरा सुरू होते, हे त्याचे विद्यार्थीच सांगत. पहाटेच्या धुक्यात भिंतीवर चेंडू मारत उभा राहणारा हा गडी नव्हता.

दुसरी कप्तानांची लेक. गेल्याच आठवड्यात तिने पॅडल परत मागितलं होतं आणि मालकिणीने फोटो होईपर्यंत थांबायला सांगितलं होतं. त्या दिवशी ती ऑफिसात एकटीच बसली होती, असं रंगाऱ्यांनी मावशींना सांगितलं.

आणि तिसरे दातांचे डॉक्टर. कप्तानांचे जोडीदार. ही जोडी क्लबात निराळीच होती. या खेळात सर्व्हिस करणाऱ्या जोडीला गुण मिळाला की दोघांनी जागा बदलायची असते, डावीकडच्याने उजवीकडे जायचं, उजवीकडच्याने डावीकडे. बाकी सगळे तसंच करत. कप्तानांना डावी बाजू हवी असायची आणि डॉक्टरांना उजवी, म्हणून सर्व्हिस झाली रे झाली की हे दोघे नियमात बसेल अशा बेताने आपापल्या बाजूला सरकून येत. वर्षानुवर्षं कप्तान डावीकडे, डॉक्टर उजवीकडे. त्यांच्या पायांखालचा रंगसुद्धा तेवढाच झिजला होता.

मग क्लबच्या स्पर्धेची अंतिम फेरी आली. जाळीला लागून जो पट्टा असतो त्याला या खेळात किचन म्हणतात, आणि तिथे पाय ठेवून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नसतो. आपली चूक आपणच कबूल करायची आणि जोडीदाराची दिसली तर तीही सांगायची, हा या खेळाचा रिवाज. कप्तानांनीच तो सगळ्यांना शिकवला होता. शेवटच्या गुणाला कप्तानांनी जाळीशी झेपावून चेंडू मारला, प्रेक्षक उठून उभे राहिले, आणि डॉक्टरांनी हात वर केला. पाय किचनमध्ये होता, ते म्हणाले. समोरच्या जोडीने पाहिलंही नव्हतं. सामना गेला. कप्तान त्यानंतर डॉक्टरांशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि थंडी पडल्यावर गेले.

डॉक्टरांनी पॅडलबद्दल कानांवर हात ठेवले. त्यांनी उलट एकच प्रश्न विचारला, तोही मावशी वळून निघाल्यावर. काकूंना हे सांगितलंत का, असा.

सांगितलं नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मावशींनी मनात जपून ठेवलं. चोरी पचली म्हणून सुटकेचा श्वास टाकणारे चेहरे त्यांनी खूप पाहिले होते. हा तसा नव्हता.

४

कप्तानांचं घर कारखान्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी थेट मागच्या अंगणावर उघडणारी. मावशी गेल्या तेव्हा काकू झोपल्या होत्या आणि लेक बॅगा भरत होती.

पॅडलचं नाव काढताच लेकीने मान हलवली. ते तिने नेलं नव्हतं. मागितलं होतं ते आईच्या उशाशी ठेवायला. पण आता ते आईच्या नजरेला न पडलेलंच बरं, असं तिला वाटत होतं.

"का गं?"

लेकीने हातातली साडी बाजूला ठेवली. "मावशी, आई आता उठते, चहा करते, सगळं करते. पण दोन कप करते. खिडकीत उभी राहते. पहाटे मागून काहीतरी आवाज येतो, तो बाबांचा आहे असं तिला वाटतं बहुतेक. मी विचारलं तर नुसती हसते. लोक म्हणतात सावरली. मला तर भीती वाटते की हिचं डोकंच फिरतंय. अशी कशी एकटी ठेवू हिला?"

कप्तान रोज पहाटे त्या अंगणात भिंतीवर चेंडू मारायचे, आणि त्या आवाजाने काकूंचा दिवस उजाडायचा. भेटायला येणाऱ्यांपाशी काकू सुरुवातीला एकच म्हणायच्या, पहाटे आवाज येत नाही, मग उठायचं कशासाठी. हे ऐकायला कोण कोण होतं, असं मावशींनी विचारलं. सगळा क्लबच येऊन गेला होता, लेक म्हणाली. एकेक करून सगळेच.

जिना उतरताना मावशींनी दोन्ही बाजू मनात मांडून पाहिल्या. पॅडल सापडलं आणि पेटीत गेलं, तर पहाटेचा आवाज बंद होणार आणि काकू पुन्हा झोपून राहणार. नाही सापडलं, तर आवाज चालू राहणार आणि लेक आईला वेडी ठरवून घेऊन जाणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच. तरी ठक कोण करतंय हे कळल्याशिवाय काही ठरवता येत नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी उजाडण्याआधीच मावशी शाल लपेटून कारखान्यात आल्या. धुकं इतकं दाट होतं की शेडची कौलं दिसत नव्हती आणि कोर्टांच्या जाळ्या हवेत कुणी वाळत घातल्यासारख्या लोंबत होत्या. सगळं जग अजून अर्धवट झोपेत होतं. मावशींना आपण घरी पलंगावरच आहोत आणि हे आपल्याला पडलेलं स्वप्न आहे, असं क्षणभर वाटून गेलं.

मग ठक झालं.

त्या जागीच थांबल्या. पुन्हा ठक, भिंतीचा आवाज, पुन्हा ठक. लाकडाचाच आवाज होता तो, भरलेला, ओलसर. मध्येच तो थांबायचा, बराच वेळ काही नाही, मग पुन्हा सुरू. मावशींना कप्तान आठवले, त्यांची ती कायम वर गुंडाळलेली पँट आठवली, आणि मामा का परत फिरले असतील ते समजलं. माणूस गेला तरी त्याचा आवाज मागे राहिला तर किती बरं होईल, असंही त्यांच्या मनात आलं. त्यांच्या स्वतःच्या घरात कुणाचाच आवाज उरलेला नव्हता.

वर, धुक्याच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीत पिवळा दिवा लागला.

आवाज आणखी थोडा वेळ चालला. मावशी पुढे सरकल्या आणि नको तेच झालं, अंगणाचं फाटक करकरलं. ठक बंद. मागच्या गल्लीकडच्या दाराची कडी हलकेच वाजली आणि सगळं शांत झालं. ती कडी बाहेरून हात घालून काढता येते, हे क्लबातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

अंगणात चिटपाखरू नव्हतं. इथलं कोर्ट म्हणजे खरं तर कोर्टाचा एकच भाग, जाळीच्या जागी कारखान्याची जुनी भिंत, भिंतीपुढे आखलेला चौकोन आणि मधोमध पांढरी रेघ. सरावासाठी कप्तानांनीच तो आखला होता. मावशींनी चष्मा पुसला. उजेड हळूहळू फुटत होता, आणि जमिनीवर दव दिसू लागलं होतं.

रेघेच्या उजवीकडचं सगळं दव पुसलं गेलं होतं. पावलांनी तुडवून जमीन काळीभोर, ओली झाली होती.

रेघेच्या डावीकडचं दव जसंच्या तसं होतं, पांढरं, अखंड. त्यावरून चेंडू घरंगळत गेल्याच्या चार-दोन लांब रेषा तेवढ्या होत्या, थेट कुंपणापर्यंत. ते चेंडू आणायला गेलेली पावलंही डाव्या भागात शिरली नव्हती. ती रेघांच्या बाहेरून, कडेकडेने वळसा घालून गेली होती.

मावशी कुंपणाला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं.

६

दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडता उघडताच त्या खुर्चीत जाऊन बसल्या. दाढ दुखते म्हणाल्या. डॉक्टरांनी दिवा ओढला, हलक्या हाताने तोंडात आरसा घातला, आणि दाढेला काही झालेलं नाही असं सांगितलं. ते मावशींनाही माहीत होतं. त्या उठल्या नाहीत.

मग त्यांनी सावकाश, क्लेमचा अहवाल सांगावा तसं सगळं सांगितलं. पेटी उघडणाऱ्याचा हात हलका होता आणि चार बारीक स्क्रू ओरखडा न पाडता काढायची त्याला सवय होती. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, असे हात गावात इतरही आहेत. पण भिंतीशी एकट्याने खेळणारा माणूस मध्यभागी उभा राहतो. चेंडू डावीकडे गेला तर डावीकडे धावतो, उजवीकडे गेला तर उजवीकडे. एकट्याला दोन्ही बाजू आपल्याच असतात. आजचा खेळणारा मात्र डावीकडे गेलेला प्रत्येक चेंडू सोडून देत होता, जसं तिथे कुणी उभंच आहे आणि तो चेंडू त्याचा आहे. क्लबात बाकी सगळे जागा बदलून खेळतात, त्यांना अमुक बाजू आपली अशी सवयच नाही. एका बाजूला खिळून खेळणारी जोडी एकच होती, आणि तिच्यातला डावीकडचा आता नाही.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही एकटे होतात. डावीकडे पाय टाकायचा होता की."

डॉक्टरांनी दिवा बंद केला. हातमोजे काढून ठेवले.

"माझ्या लक्षातच आलं नाही," ते शेवटी म्हणाले. "खरंच सांगतो. पाय तिकडे वळतच नाही."

पुढचं त्यांनी तुटक तुटक सांगितलं. भेटायला गेले तेव्हा काकूंचं ते वाक्य त्यांनी ऐकलं होतं. आधी त्यांनी स्वतःच्या पॅडलने खेळून पाहिलं. खिडकी अंधारीच राहिली. मग चादरीखालचं लाकडी नेलं, आणि पहिल्याच पहाटे दिवा लागला. तेव्हापासून रोज ते दिवा लागल्यावरही खेळत राहत होते, आणि काकू खिडकीतून दूर झाल्या की घरी जात होते. रविवार टळला की पॅडल परत ठेवणार होते.

"आयुष्यात एक पाय चुकीचा पडला तर तो मी झाकला नाही," डॉक्टर म्हणाले. "माझ्या सगळ्यात जवळच्या माणसाचासुद्धा नाही. आणि आता रोज पहाटे त्याच्या बायकोला फसवतोय. मला माफी मागायची होती हो त्याच्याकडे. तो बोलायचाच थांबला."

पॅडल आजचा दिवस आपल्याकडेच ठेवा, एवढं सांगून त्या निघाल्या. ही फसवणूक चालू ठेवायची की नाही हे ठरवणारं माणूस एकच होतं, आणि त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

७

काकू स्वयंपाकघरात खिडकीशी बसल्या होत्या. लेक दारात उभी होती. मावशींनी आडपडदा ठेवला नाही. नोकरीत त्यांनी वाईट बातम्या खूप दिल्या होत्या आणि त्या पटकन द्याव्यात हे त्या शिकल्या होत्या. पॅडल पेटीत नाही, ते डॉक्टरांकडे आहे, आणि पहाटे खेळतात ते डॉक्टर, असं त्यांनी सांगून टाकलं.

काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

लेक पुढे आली. केव्हापासून, असं तिने विचारलं.

पहिल्याच दिवसापासून, काकू म्हणाल्या. लाकडाचा आवाज आला तेव्हा त्या धडपडत खिडकीशी गेल्या होत्या, आणि एक क्षण त्यांना खरंच वाटलं होतं. मग एक चेंडू डावीकडे घरंगळत गेल्याचं ऐकू आलं आणि कुणी धावलं नाही. कुंपणाला लागून तो थांबला तरी कुणी धावलं नाही.

"ह्यांनी कधी चेंडू सोडला होता का? स्वतःचा नाही आणि दुसऱ्याचाही नाही. डॉक्टरांच्या हातातले चेंडू हिसकून मारायचे. धुक्यात दिसत काही नव्हतं, पण डावीकडचं सोडणारं माणूस दुसरं कोण असणार?"

मग आई दोन कप का करते, लेकीने विचारलं.

"एक ओतून द्यावा लागतो, ते मलाही कळतं गं. रोज वाटतं, खाली हाक मारावी आणि द्यावा. पण मला कळलंय असं त्यांना कळलं तर ते यायचे बंद होतील." काकूंनी खिडकीची काच पदराने पुसली. "ह्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, ते चुकलंच ह्यांचं. मी सांगून थकले. आता तो माणूस थंडीत येऊन उभा राहतो आणि वर बघतो, दिवा लागतोय का. मी झोपून राहिले तर त्यांनी कुणासाठी खेळायचं? म्हणून उठते."

लेक आत गेली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार, मग एकेक साडी जागेवर ठेवल्याचा. ती एकटीच परत जाणार होती. आईचं डोकं तिच्यापेक्षाही ठिकाणावर होतं, हे तिला कळून चुकलं होतं.

मालकिणीला मावशींनी सगळं खरं सांगितलं. पॅडल काकूंचं आहे आणि ते कुठे असावं हे त्याच ठरवतील, हेही सांगितलं. मालकिणीने रिकाम्या पेटीकडे एकदा पाहिलं, आणि मग कंपनीला आपल्याकडचा जुना फोटो चालेल का ते विचारते म्हणाली. वॉचमनमामांची तिने त्याच दिवशी माफी मागितली. भुताबद्दल मात्र त्यांना कुणी काही समजावलं नाही. त्यांना ते आवडू लागलं होतं.

संध्याकाळी डॉक्टर दवाखाना बंद करून मावशींची वाट पाहत अंगणाच्या फाटकाशी उभे होते. कागदात गुंडाळलेलं पॅडल त्यांच्या काखेत होतं. आपलं पितळ उघडं पडलंच असेल असं धरून ते आले होते; ते परत द्यायचं आणि काकूंची माफी मागून मोकळं व्हायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. पण तोंडून आधी प्रश्नच निघाला.

"त्यांना सांगितलंत?"

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि गल्लीपलीकडच्या त्या खिडकीकडे.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना काही माहीत नाही. लेक ठेवतेय त्यांना इथेच. उद्या जरा लवकर या, हल्ली त्यांना लवकर जाग येते."